रस्ता आधी, बाजार मागून

सूनबाई बावन्न वर्षांची झाली होती, केसांत पांढरं दिसू लागलं होतं, स्वतःची सून यायची वेळ झाली होती, तरी कोशाच्या कचेरीत शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे तिला सूनबाईच म्हणायचे. कारण सरळ होतं. अरामी या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेच्या कोशाचं काम तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, उभं केलं होतं आणि ती इथे आली ती त्यांचं बोट धरून. अठ्ठावीस वर्षं तिनं कार्डं लावली, नोंदी लिहिल्या, प्रुफं तपासून डोळ्यांची वाट लावली, पण नाव मिळालं ते हेच. तिनं कधी तक्रार केली नाही. विसरलीही नाही.

त्या सोमवारी तिनं ठरवलं, की शुक्रवारी छपाईला जाणाऱ्या शेवटच्या खंडात अण्णांची सगळ्यांत गाजलेली व्युत्पत्ती जाऊ द्यायची नाही.

शब्द तसा रोजच्या वापरातला होता. बाजार. अरामीत त्याला ‘शूका’ म्हणतात. अरबीतला ‘सूक’ त्याचाच भाऊबंद, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण हे घराणं मूळचं कुठलं? चाळीस वर्षांपूर्वी अण्णांनी एक लेख लिहून सांगितलं होतं, की हा शब्द ‘हाकणं’ या अर्थाच्या क्रियापदातून आला. गुरं आणि माल जिथे हाकत नेतात तो बाजार, आणि ज्या वाटेनं हाकत नेतात ती वाट, म्हणून पुढे त्याचा अर्थ रस्ता असाही झाला. लेख वाचताना समोर धूळ उडालेली दिसायची, घुंगरं ऐकू यायची, इतका सुंदर लिहिला होता. कचेरीतले वात्रट लोक म्हणायचे, अण्णा स्वतः कधी भाजी आणायला बाहेर पडले नाहीत, तेव्हा हे उंटावरून शेळ्या हाकणंच झालं. अण्णाही त्यावर हसायचे. ज्याचा लेख इतका गाजतो त्याला हसायला काय जातं?

चूक कशी झाली ते सांगायचं तर कचेरीची पद्धत सांगायला हवी. तळहाताएवढी कार्डं. प्रत्येक कार्डावर एक शब्द, तो जिथे सापडला त्या मजकुराचं एक वाक्य आणि त्या मजकुराचं साल. याला साक्ष म्हणायचं. तीन साक्षी असल्याशिवाय कुठलाही अर्थ किंवा कुठलीही व्युत्पत्ती कोशात घ्यायची नाही, हा अण्णांचा नियम. कार्ड बाद करायचं झालं तर फेकायचं नाही. पाठीवर कारण लिहायचं आणि खाली संपादकानं सही करायची. आणि ज्याच्या हातून नोंद सिद्ध झाली त्याची आद्याक्षरं नोंदीच्या शेवटी छापायची. उभ्या कोशात माणसाला मिळणारी जागा म्हणजे ही दोन अक्षरं.

आता ‘शूका’चे अर्थ दोन, रस्ता आणि बाजार. कार्डं झाली उदंड, एका खणात मावेनात. तेव्हा सोयीसाठी ‘रस्ता’ एका खणात आणि ‘बाजार’ दुसऱ्या खणात असे भाग पाडले. बाजाराचा खण खिडकीपाशी, तो अण्णांकडे. रस्त्याचा खण जिन्याखाली, तो जो कोणी नवा येईल त्याच्याकडे, आणि पुढे सूनबाईकडे. कोश करणाऱ्या माणसांशिवाय ही चूक दुसरं कोणी करू शकलं नसतं. एका शब्दाची दोन बिऱ्हाडं केली आणि चाळीस वर्षं दोन्ही बिऱ्हाडांत जाणं-येणं नाही.

शेवटचा खंड निघायचा म्हणून गेल्या महिन्यात सूनबाईनं दोन्ही खण एका टेबलावर ओतले आणि सगळी कार्डं सालाप्रमाणे लावली. लावता लावता तिचे हात थांबले.

सर्वांत जुनी कार्डं तिच्याच खणातली होती. अरामीच्याही आधी त्या मुलखात मातीच्या विटांवर लिहीत त्या अक्कदी भाषेतली. तिथे शब्द होता ‘सूकु’, आणि अर्थ होता रस्ता. घरांची खरेदीखतं होती ती. अमुक घराच्या एका बाजूला ‘देवांच्या आणि राजाच्या जाण्यायेण्याचा रुंद सूकु’, दुसऱ्या बाजूला ‘अरुंद सूकु’. गुरं नाहीत, हाकणारा नाही, घुंगरं तर नाहीतच. भिंती आणि मधून जाणारी वाट, एवढंच. त्याच भाषेत ‘अरुंद असणं’ या अर्थाचं एक क्रियापद होतं आणि जाणकार या शब्दाचं नातं त्याच्याशी जोडतात. पुढे अरामीनं तो शब्द घेतला तेव्हा वाटेच्या कडेला माणसं विकायला बसली होती. मग वाट तीच, बाजार तोच, शब्दही एकच. अरबीत तो गेला तो अरामीतून, बाजार होऊनच.

आणि अण्णांच्या हाकण्याला साक्षी कोण? तीन अरबी कोशकार. तिघेही विटांनंतर दीड-दोन हजार वर्षांनी झालेले. सूनबाईनं तिघांची वाक्यं शेजारी शेजारी ठेवली. शब्दन् शब्द तोच. दुसऱ्यानं पहिल्याचं उतरवलं होतं आणि तिसऱ्यानं दुसऱ्याचं. साक्ष एकच होती, तीही ऐकीव.

ती अध्यक्षांकडे गेली. अध्यक्षांना कचेरीत ‘उभयपक्षी’ म्हणत, कारण कुठल्याही भांडणात ते दोघांनाही बरोबर ठरवून चहा मागवायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोन्ही मतं छापू. वर अण्णांचं, खाली ‘काहींच्या मते’ म्हणून तुमचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सूनबाई म्हणाली, ही मूठ झाकलेली नाही, रिकामी आहे. तेव्हा उभयपक्षींनी नियमावर बोट ठेवलं. ‘शूका’च्या पहिल्या, म्हणजे शीन या अक्षराचे संपादक कागदोपत्री अजून अण्णाच होते. त्यांची सही आणा आणि बाद करा, असं म्हणून ते पुन्हा चहाकडे वळले. ही सही काही येत नाही, अशी त्यांची खात्री होती.

घरी नवऱ्यानं तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. अण्णा पंच्याऐंशीचे, दोन्ही डोळे गेलेले, या खंडाची वाट बघत जगताहेत, आणि तू त्यांच्याच शिकवणीनं त्यांचंच नाक कापणार? लोक म्हणतील, कानामागून आली आणि तिखट झाली. सूनबाई भांडी पुसत होती. ती म्हणाली, लोकांना तिखट लागतंय म्हणून चुकीचं छापायचं का? नवरा म्हणाला, “या कार्डांनी या घरात कोणाचं भलं नाही केलं. आई कार्डं उतरवायची तेव्हा मी याच टेबलाच्या या टोकाला अभ्यास करायचो. एक दिवस तिनं दौत उचलली, चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवली, आणि परत कधी हात लावला नाही. का, ते विचारायची आमची छाती नव्हती.”

दौतीची हकीकत सूनबाईला नवी होती. पूर्वी फाटकी कार्डं नव्यानं उतरवायला संपादकांच्या घरी जात. एका घरच्या कुत्र्यानं पंचवीस कार्डं चघळून टाकली तेव्हापासून कार्ड कचेरीबाहेर नेण्यावर बंदी आली. त्याआधीच्या काळात अण्णांच्या कार्डांपैकी निम्मी सासूबाईंनी उतरवलेली. अक्षर मोत्यासारखं. पण सूनबाई घरात आली तेव्हा सासूबाईंना कार्डांचं नावही खपत नसे. अण्णा नव्या सुनेला अक्षरं शिकवायला बसले की स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजायची. एकदा दूध उतू गेलं आणि ही आपली शीन गिरवत बसलेली. सासूबाई दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “शीक बाई. पण सही करायला मिळेल तिथेच शीक.” सूनबाईला तो टोमणा वाटला. दोघींमध्ये कायम एका हाताचं अंतर राहिलं. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, आणि अंतर तसंच राहून गेलं.

बुधवारी सकाळी चहा देताना सूनबाईनं अण्णांना सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला जमतही नव्हतं. अण्णांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना, राग आहे की काय.

“कार्ड हातात आल्याशिवाय मी बोलत नाही,” ते म्हणाले.

“कार्ड बाहेर आणता येत नाही.”

“मग झालं तर.”

“नाही झालं. कार्ड येत नसेल तर तुम्ही चला.”

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. एक्केचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. डोळे गेल्यापासून सहा वर्षांत अण्णा तिकडे फिरकले नव्हते. नवऱ्यानं डोक्याला हात लावला. सूनबाईनं अण्णांचे जाड तळाचे बूट काढले, पुसले आणि दाराशी ठेवले.

गुरुवारी दहा वाजता ते जिन्याशी पोचले. तिनं हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला आणि कठडा धरला. अकराव्या पायरीला पहिला थांबा, तेविसाव्या पायरीला दुसरा. तिथे त्यांना एवढा दम लागला, की सूनबाईला आपल्याच हट्टाची लाज वाटली. परत जाऊ या का, असं विचारायला तिनं तोंड उघडलं, तर अण्णाच म्हणाले, “अठरा राहिल्या. मोजतोय मी.” कोणाचा हट्ट मोठा हे त्या जिन्यावर ठरलं नाही.

टेबलावर दोन्ही खण तयार होते. उभयपक्षीही येऊन कडेला बसले, मूग गिळून. सूनबाई सालाप्रमाणे एकेक कार्ड वाचत गेली आणि वाचलेलं कार्ड अण्णांच्या हातात देत गेली. ते कार्डाच्या कडेवरून बोट फिरवायचे आणि डावीकडे ठेवायचे. देवांचा आणि राजाचा रुंद रस्ता. अरुंद रस्ता. पुन्हा अरुंद रस्ता. मग अरामीतली वाट, वाटेवर बसलेले विकणारे, आणि हळूहळू नुसताच बाजार.

अण्णा भांडले. अगदी जुन्या तडफेनं भांडले. विटांवरचा शब्द वेगळा असेल, म्हणाले. तिनं दाखवलं, नाही. दोन शब्द पुढे एकत्र मिसळले असतील, म्हणाले. तिनं साक्ष मागितली. त्यांच्याकडे ती नव्हती. मग ते आपले तीन कोशकार घेऊन आले. तिनं तिन्ही वाक्यं एकापाठोपाठ एक वाचली आणि थांबली. पुढचं बोलणं तिला जड जात होतं. ज्या माणसानं हातात हात धरून अक्षर गिरवून घेतलं, त्याच्याच काठीनं त्याला मारायचं होतं.

“अण्णा, माझ्या पहिल्या वर्षी मी एका शब्दाला तीन साक्षी आणल्या होत्या आणि तुम्ही त्या माझ्यासमोर टाकून दिल्या होत्या. काय म्हणाला होतात, आठवतंय?”

अण्णांनी तिन्ही कार्डं आपल्याकडे ओढली.

“एका विहिरीचं पाणी तीन घागरींत भरलं म्हणून विहिरी तीन होत नाहीत. असं म्हणाला होतात. मी रडले होते त्या दिवशी. आता हे बाद करा. मला सही हवी आहे.”

 उभयपक्षींनी चहाचं विचारावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. अण्णांची बोटं ती तीन कार्डं चाळत होती. आता ते नाही म्हणणार, सूनबाईच्या मनात आलं. आणि नाही म्हणाले तर काय करायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. ती नोंदीला आपली आद्याक्षरं देणार नव्हती आणि शुक्रवारपासून कचेरीत येणार नव्हती.

“तिसरं कार्ड कुठलं?” अण्णांनी विचारलं. तिनं त्यांच्या बोटाखाली सरकवलं. त्यांनी ते उलटं केलं आणि तिच्याकडे परत सरकवलं. “मागची बाजू वाच.”

कार्डाची मागची बाजू कोणी बघत नाही. बाद झालेलं कार्ड असेल तर पुढे तांबडी रेघ असते, मगच मागे बघायचं. या कार्डावर रेघ नव्हती. पण मागे शिसपेन्सिलीनं, फिकट झालेल्या, मोत्यासारख्या अक्षरात तीन ओळी होत्या. अक्षर सासूबाईंचं, सूनबाईनं ओळखलं आणि त्या ओळी मनातच वाचल्या.

“मोठ्यानं वाच,” अण्णा म्हणाले. “मी एकदा ऐकलंय. यांनाही ऐकू दे.”

तिनं वाचलं. “तिन्ही साक्षी एकच. खाली जिन्याखालचा खण पाहा. रस्ता आधी, बाजार मागून.” त्याखाली तारीख होती, चाळीस वर्षांपूर्वीची. आणि तारखेखाली, जिथे संपादकानं सही करायची, ती जागा कोरी होती.

“कार्ड उतरवता उतरवता तिच्या लक्षात आलं होतं,” अण्णा सांगू लागले. आवाज खाली गेला होता. “माझ्याबरोबर एकदा इथे आली होती. मी खिडकीशी बसलो होतो आणि ही जिन्याखाली जाऊन तो खण वाचून आली. घरी आल्यावर मला सांगितलं. लेख छापायला गेलेला होता. मी तिला म्हणालो, तू कार्डं उतरव, अर्थ लावायला आम्ही आहोत.” ते थांबले. “ती भांडली नाही. हे लिहिलं, पेन्सिलीनं, कारण उतरवणाऱ्यांना शाईनं शेरा लिहायची परवानगी नव्हती. हा नियमही माझाच. दुसऱ्या दिवशी दौत चपलांच्या कपाटावर गेली. चाळीस वर्षांत मला हे कार्ड फाडताही आलं नाही आणि त्यावर सही करताही आली नाही. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? लाज वाटते मला, सूनबाई. तिला हे एकदा तरी सांगायला हवं होतं.”

सूनबाईला आधी जे वाटलं ते चांगलं नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि ते सासूबाईंसाठी नव्हे, स्वतःसाठी. अठ्ठावीस वर्षांत एकच मोठा शोध हाती लागला होता आणि तोही स्वयंपाकघरातून कोणीतरी आधीच लावून ठेवला होता. मग ते दूध उतू गेल्याची सकाळ तिच्यासमोर उभी राहिली. दारात सासूबाई, हातात फडकं. सही करायला मिळेल तिथेच शीक. तो टोमणा नव्हता. त्या घरात कोणी तिला दिलेला तो एकमेव खरा सल्ला होता, आणि तिनं अठ्ठावीस वर्षं राग धरून तो पाळला होता.

तिनं कार्ड टेबलावर ठेवलं, अण्णांच्या हातात पेन दिलं आणि त्यांचं बोट कोऱ्या जागेवर नेलं. अण्णांनी सही केली. ओळ वाकडी गेली, पण सही त्यांचीच होती. मग तिनं तांबड्या शाईनं तिन्ही कार्डांवर रेघ ओढली आणि नोंदीचं प्रूफ पुढे घेतलं. हाकण्याची सात वाक्यं गेली. त्यांच्या जागी चार आली. शेवटी आद्याक्षरांचा कंस होता. त्यात तिनं दोन अक्षरं लिहिली, ती तिची नव्हती.

उभयपक्षींनी वाकून पाहिलं. ते हळूच म्हणाले, की भावना समजतात, पण कंसात फक्त संपादकांचीच अक्षरं येतात, आणि खंडाच्या सुरुवातीच्या संपादकांच्या यादीत या बाईंचं नाव नाही. हवं तर प्रस्तावनेत आभार मानू. त्यांचंही बरोबर, आपलंही बरोबर.

“यादी छपाईला सगळ्यांत शेवटी जाते,” सूनबाई म्हणाली. “अजून एक दिवस आहे. द्या इकडे.”

“पण त्यांना संपादक कोणी नेमलं होतं?”

“कोणी नाही,” उत्तर अण्णांनी दिलं. “म्हणूनच चाळीस वर्षं चुकीचं धरून बसलो आपण. यादी द्या तिला.”

उभयपक्षींना त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एक बाजू घ्यावी लागली. त्यांनी कपाटातून यादी काढून दिली.

सूनबाईनं खुर्ची पुढे ओढली. सासूबाईंचं पूर्ण नाव लिहायची वेळ तिच्यावर आजवर कधी आलीच नव्हती. तिनं ते मनात एकदा म्हणून पाहिलं आणि मग यादीत, जिथे क्रमानं यायला हवं होतं तिथे, दोन संपादकांच्या मधल्या अरुंद जागेत, सावकाश लिहिलं. पेन कागदावर घासल्याचा आवाज अण्णा मान तिरकी करून ऐकत होते.

“शाईनं लिहिलंस ना?” त्यांनी विचारलं.

“हो अण्णा,” ती म्हणाली. “शाईनंच.”